बिऱ्हाड घेऊन प्रेअरीत

शिकागोहून डेन्व्हरला जाणाऱ्या विमानात खिडकीशेजारची जागा मिळाली आणि आभाळ निरभ्र असलं, तर खाली बराच वेळ नुसते चौकोन दिसत राहतात. आयोवा सरतं, नेब्रास्का येतं, चौकोन काही संपत नाहीत. पश्चिमेकडे जावं तसे त्यांच्यात हिरवे गोल दिसू लागतात. मधल्या विहिरीभोवती चाकांवर फिरणाऱ्या लांबच लांब पाइपांनी भिजवलेली ती शेतं. मुलांकडे अमेरिकेला गेलेले आपले आईबाबा न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन उरकतात, मग थेट लास व्हेगास आणि ग्रँड कॅन्यन. मधला हा सगळा मुलुख झोपेत जातो. खुद्द अमेरिकन माणूसही तो वरून ओलांडण्यातच धन्यता मानतो.

या चौकोनांना इतिहास आहे. १७८५ च्या कायद्याने अमेरिकेनं आपली पश्चिमेकडची जमीन मैल बाय मैल चौकोनांत मोजायला घेतली. एका चौरस मैलात ६४० एकर. त्याचे चार तुकडे केले की एकेक १६० एकरांचा. १८६२ मध्ये लिंकनच्या सरकारनं जमीन कसणाऱ्याला जवळजवळ फुकट द्यायला काढलेला तुकडा नेमका एवढाच होता. विमानातून दिसणारे बरेचसे हिरवे गोल आजही त्याच १६० एकरांत बसवलेले आहेत.

रिकामा म्हणून लोक टाळतात तो हा प्रदेश खरं तर रिकामा करण्यात आला. गवत, बायसन आणि माणसं, तिन्ही हटवून. हे कसं झालं ते पाहायचं तर जमिनीवरून, सावकाश जायला हवं. त्यासाठी आरव्हीसारखं वाहन नाही.

आरव्ही म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते इथं अक्षरशः. एक प्रकार स्वतःचं इंजिन असलेल्या मोटरहोमचा, दुसरा पिकअप ट्रकमागे ओढायच्या ट्रेलरचा. भाड्यानं घेणाऱ्या नवशिक्यानं ‘क्लास सी’ मोटरहोम घ्यावं. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं घर, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा काढून त्यात एक बिछाना. बहुतेक राज्यांत ते नेहमीच्या परवान्यावर चालवता येतं. भारतीय परवाना असेल तर आंतरराष्ट्रीय परवानाही सोबत ठेवावा आणि भाड्यानं देणाऱ्याला आधीच विचारून घ्यावं. पेट्रोल मात्र ही गाडी ढसाढसा पिते. लिटरला साडेतीन-चार किलोमीटर मिळाले तर नशीब समजायचं. पैसे वाचतील म्हणून आरव्ही घेणार असाल तर बेत बदला, साधी गाडी आणि मोटेल कित्येकदा स्वस्त पडतं. आरव्हीचं खरं सुख असं की या टापूत जिथं मुक्काम करावासा वाटतो तिथं धड हॉटेल नसतं, आणि असलंच तर त्याचं स्वयंपाकघर संध्याकाळी लवकर बंद होतं. आपला भात आपण टाकलेला बरा.

गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक वापरायच्या पाण्याची. दुसरी ‘ग्रे’, तिच्यात सिंकचं आणि न्हाणीचं सांडपाणी. तिसरी ‘ब्लॅक’, ती संडासाची. दर दोन-तीन दिवसांनी डंप स्टेशनवर जाऊन त्या रिकाम्या कराव्या लागतात. हातमोजे चढवायचे, जाड नळी गाडीच्या बुडाशी अडकवायची, तिचं दुसरं टोक जमिनीतल्या भोकात घट्ट बसवायचं. आधी ब्लॅकची झडप ओढायची, ती पुरती रिकामी झाली की ग्रेची, म्हणजे साबणाच्या पाण्यानं नळी आपसूक धुतली जाते. क्रम चुकला तर काय होतं ते रविवारच्या चहाच्या वेळी लिहीत नाही. विजेचंही गणित असतं. लहान गाड्यांना बहुधा ३० अँपिअरचा पुरवठा. एसी, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन एकदम लावलं की खटका पडलाच. कुकर गाडीतल्या प्रोपेनच्या शेगडीवर चढवावा.

या गाड्यांमधला सर्वांत ओळखीचा ब्रँड विनेबेगो. आयोवातल्या फॉरेस्ट सिटी गावात १९५८ साली ही कंपनी सुरू झाली. गाव ज्या काउंटीत आहे तिचं नाव विनेबेगो, आणि काउंटीला ते नाव आलं एका आदिवासी जमातीवरून. ही हो-चंक जमात सरकारनं १८३० नंतरच्या तीन-चार दशकांत विस्कॉन्सिनमधून आयोवात, तिथून मिनेसोटात, पुढं आजच्या साउथ डकोटात अशी हाकलत नेली. शेवटी त्यांच्यातले बरेच लोक नेब्रास्कात टेकले. सक्तीनं फिरवलेल्या लोकांचं नाव हौसेनं फिरायच्या गाडीवर मिरवतंय. यात कुणाचा कावा नाही. पण प्रेअरीत, म्हणजे या गवताळ मुलखात, असं पावलोपावली भेटतं, म्हणून आधीच सांगितलं.

गाडी कॅन्सस सिटीहून घ्यावी आणि नेब्रास्का, वायोमिंग करत साउथ डकोटातल्या बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानापर्यंत जावं. वळणंवाकणं धरून १८०० ते २००० किलोमीटर होतात. दहा-बारा दिवस हवेतच. निघण्याआधी डाळ-तांदूळ, मसाले कॅन्सस सिटीतल्या भारतीय दुकानातून भरून घ्यावेत, कारण पुढं ते मिळणं कठीण.

पहिला मुक्काम गवताचा. कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये स्ट्राँग सिटीजवळ ‘टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्ह’ आहे, सुमारे ११,००० एकरांचं. उंच गवताची प्रेअरी एके काळी १७ कोटी एकरांवर पसरली होती. तिच्यातली आज चार टक्केसुद्धा उरलेली नाही, आणि जी उरली त्यातली बरीचशी या फ्लिंट हिल्समध्येच. का, ते पायाखाली बघितलं की कळतं. मातीचा थर पातळ, लगेच खाली चुनखडी आणि गारगोटी. नांगर लागेना, म्हणून गवत वाचलं. बाकी ठिकाणी १८३० च्या दशकात आलेल्या पोलादी नांगरानं ते मुळासकट उलथलं आणि तिथं मका, गहू, सोयाबीन उभं राहिलं. इथलं मुख्य गवत ‘बिग ब्लूस्टेम’. सप्टेंबरात ते माणसाच्या डोक्यावर जातं, तुरा तीन बोटांनी फाकतो आणि देठाला तांबूस-जांभळी झाक येते. जमिनीवर दिसतं त्याहून जास्त गवत खाली असतं, मुळं दहा फुटांपर्यंत उतरतात. वसंतात हे माळ मुद्दाम पेटवतात. वरचं वाळकं जळून जातं, झुडपं मरतात, आणि मुळं शाबूत असल्यानं काही दिवसांत काळ्या राखेतून हिरवं वर येतं. मूळ रहिवासी हेच करत होते. आता गुराखी आणि उद्यानाचे कर्मचारी करतात.

इथं २००९ मध्ये बायसनचा छोटा कळप आणून सोडला, आता तो वाढला आहे. एके काळी या खंडावर बायसन तीन कोटींच्या घरात असावेत असा अंदाज सांगतात. १८८० च्या दशकाच्या अखेरीस हजारभरही उरले नव्हते. रेल्वे आली, कातड्याला पूर्वेकडच्या कारखान्यांतून मागणी आली आणि बंदूकवाल्यांनी माळ साफ केला. लष्करातल्या अनेकांना हे सोयीचंच वाटलं, कारण बायसन संपला की त्याच्यावर जगणाऱ्या जमातींना सरकारी शिध्याशिवाय गत्यंतर उरत नव्हतं.

गवत आणि बायसन गेल्यावर त्या जागी कोण आलं, याचं उत्तर उत्तरेला नेब्रास्काच्या बिआट्रिस गावाबाहेर ‘होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्क’मध्ये आहे. लिंकननं २० मे १८६२ ला सही केलेला होमस्टेड कायदा कागदावर साधा होता. १६० एकर निवडा, किरकोळ शुल्क भरा, पाच वर्षं राहून घर बांधा, जमीन कसा, की ती तुमची. एकट्या बाईलाही अर्ज करता येई, नागरिक होण्याची इच्छा नोंदवलेल्या परदेशी माणसालाही. १८६२ सालच्या मानानं हे क्रांतिकारकच. सुमारे सोळा लाख लोकांनी असे दावे पुरे केले आणि २७ कोटी एकर, म्हणजे देशाच्या दहा टक्के जमीन, खासगी झाली. अर्जदारांतल्या बऱ्याच जणांना मात्र पाच वर्षं काढणं जमलं नाही. टोळ, दुष्काळ, हिमवादळ, एकटेपणा यांपैकी काहीतरी पुरून उरलंच. झाडं नव्हती म्हणून घरं मातीची. गवताच्या मुळांनी घट्ट विणलेल्या जमिनीचे लांबट तुकडे कापायचे आणि विटांसारखे रचायचे.

म्युझियमच्या वाटेवर पोलादी पत्र्यांची एक रांग उभी आहे. ज्या तीस राज्यांत हा कायदा राबवला गेला त्यांच्या आकारांत ते पत्रे कापलेले आहेत. प्रत्येकात एक चौकोनी भोक, त्या राज्याची जेवढी जमीन होमस्टेडमध्ये वाटली गेली त्या प्रमाणात. नेब्रास्काचं भोक सर्वांत मोठं, ४५ टक्के. आकडेवारी इतक्या स्वच्छपणे मांडलेली मी फार क्वचित पाहिली आहे. त्या भोकातून पलीकडचं गवत दिसतं. ज्यांच्याकडून ही जमीन आली त्या जमातींचीही नोंद म्युझियमनं घेतली आहे, टाळलेली नाही.

बिआट्रिसहून रस्ता क्रमांक १३६ धरून पश्चिमेला गेलं की रेड क्लाउड लागतं. विला कॅथर या कादंबरीकार बाईंचं गाव. १८८३ मध्ये नऊ वर्षांची असताना ती व्हर्जिनियातून इकडं आली. तिची ‘माय अँटोनिया’ ज्यांनी वाचली आहे त्यांनी इथं अर्धा दिवस काढावा. ज्यांनी नाही, त्यांनी गावाच्या दक्षिणेची, कधीच न नांगरलेली सहाशे एकरांची कॅथर प्रेअरी पाहून पुढं निघावं. सीमा ओलांडून कॅन्ससमध्ये शिरलं की लेबननजवळ अलास्का-हवाई सोडून उरलेल्या अमेरिकेचा भौगोलिक मध्यबिंदू लागतो. एक दगडी खूण, एक झेंडा. फोटो काढायला पुरेसं.

थांबायचं ते निकोडेमसला. गुलामगिरी संपल्यावर १८७७ मध्ये केंटकीतून निघालेल्या कृष्णवर्णीयांनी वसवलेलं हे गाव. दलालांनी पत्रकं वाटून स्वर्ग दाखवला होता. प्रत्यक्षात पहिल्या हिवाळ्यात लोक जमिनीत खोदलेल्या बिळांत राहिले. विलियाना हिकमन नावाच्या बाईनं पुढं सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे. नवऱ्यानं हेच ते निकोडेमस म्हणून बोट दाखवलं, तर तिला गाव कुठं दिसेचना, नुसता जमिनीतून निघणारा धूर. ती रडायलाच लागली. तरी दहा वर्षांत दुकानं, शाळा, चर्च, दोन वर्तमानपत्रं उभी राहिली. इथलाच एडवर्ड मॅककेब १८८२ मध्ये कॅन्सस राज्याचा ऑडिटर म्हणून निवडून आला. मग १८८८ मध्ये रेल्वे येणार येणार म्हणता नदीच्या पलीकडून गेली. दुकानदारांनी चंबूगबाळं आवरून रूळ गाठले. प्रेअरीत गाव जगणार की मरणार हे रेल्वेचा नकाशा ठरवी. आज तिथं पाच जुन्या इमारती आहेत, वस्ती अगदी मूठभर. पण दर उन्हाळ्यात जुलैच्या अखेरीस गावचे वंशज देशभरातून इथं जमतात. आरव्हीवाल्यांनी त्या सुमाराला जाऊन बघावं. गावच्या जत्रेला मुंबई-पुण्याहून परतणाऱ्या चाकरमान्यांची सवय असलेल्या आपल्या वाचकाला काही समजावून सांगावं लागणार नाही.

तिथून वायव्येला प्लॅट नदी गाठायची. हिच्याच काठानं १८४० ते १८६० च्या दशकांत काही लाख माणसं मिसूरी नदीकाठाहून ओरेगन, कॅलिफोर्निया आणि युटाकडे गेली. ती कापडी छताची गाडी, जिला आजच्या मोटरहोमची पणजी म्हणता येईल, दहा फूट लांब आणि चार फूट रुंद. बैल जुंपलेले. आत पीठ, डुकराचं सुकं मांस, कॉफी आणि अवजारं इतकी ठासलेली की माणसांना जागाच नसे. आजारी आणि अगदी लहानं सोडली तर सगळे चालत. दिवसाला पंधरा मैल झाले तर चांगला दिवस. सरपण मिळेना म्हणून बायका-मुलं माळावर बायसनच्या रानशेणी वेचत आणि त्यावर चूल पेटवत. हॉलिवूडनं दाखवलेले आदिवासी तिरंदाजांचे हल्ले झाले, पण माणसं जास्त मेली ती पटकीनं, गढूळ पाण्यानं, चाकाखाली सापडून आणि चुकून सुटलेल्या गोळीनं.

चिमनी रॉक हा इथला सुळका त्या प्रवाशांच्या रोजनिश्यांत जितका येतो तितकी दुसरी कुठलीच खूण येत नाही. लांबून दोन दिवस दिसत राही. सुळक्यापेक्षा मला स्कॉट्सब्लफ गावाच्या कडेची रेबेका विंटर्सची कबर महत्त्वाची वाटते. युटाला निघालेली ही पन्नाशीची बाई १८५२ च्या ऑगस्टमध्ये पटकीनं गेली. दगड कुठून आणणार? एका सोबत्यानं चाकाची लोखंडी धाव घेतली, तिच्यावर छिन्नीनं नाव आणि वय कोरलं आणि ती कमान करून मातीत रोवली. वाटेवरच्या हजारो कबरी पुसल्या गेल्या, ही धाव टिकली. १८९९ मध्ये रेल्वेची मोजणी करणाऱ्यांना ती सापडली, तेव्हा त्यांनी रुळांची आखणी थोडी बाजूला सरकवली. अक्षरं अजून वाचता येतात.

शेजारच्या स्कॉट्स ब्लफच्या माथ्यावर जाणारा बोगद्यांचा रस्ता मोठ्या आरव्हींना बंद आहे. गाडी खाली लावावी. खालच्या मिचेल खिंडीत त्या गाड्यांच्या वाटेनं पायी जाता येतं. त्याहून थक्क करणारं दृश्य पुढं वायोमिंगमध्ये गर्न्सी गावाजवळ. वालुकाश्माच्या उतारावर चाकांनी पाडलेले चर काही ठिकाणी पाच फूट खोल आहेत. त्यात उभं राहिलं की खडक कंबरेच्या वर येतो.

गर्न्सीच्या अलीकडेच फोर्ट लॅरामी. कातड्याच्या व्यापाऱ्यांचं ठाणं, १८४९ पासून लष्कराचं. स्थलांतरितांना इथं पीठ, टपाल आणि लोहार मिळे, म्हणून पर्यटक तेवढंच पाहतात. खरं वजन आहे ते १८६८ च्या तहाला. त्यात ब्लॅक हिल्ससह मिसूरीच्या पश्चिमेचा आजचा अर्धा साउथ डकोटा लाकोटा जमातीचा, असं अमेरिकेनं मान्य केलं. सहा वर्षांनी कस्टर या लष्करी अधिकाऱ्याच्या मोहिमेला त्या डोंगरांत सोनं सापडलं आणि १८७७ मध्ये संसदेनं कायदा करून डोंगर काढून घेतले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जमीन भरपाई न देता घेतली असं ठरवून दहा कोटी डॉलरच्या वर रक्कम मंजूर केली. लाकोटांनी ती उचललेली नाही. त्यांचं म्हणणं, डोंगर विकायला काढलेच नव्हते. व्याजासकट ती रक्कम शंभर कोटी डॉलरच्या पुढं गेली आहे, आणि अमेरिकेतल्या सर्वांत गरीब काउंट्यांपैकी काही याच लोकांच्या आहेत. असा सत्याग्रह आपल्याकडच्या भूसंपादनाच्या बातम्या वाचणाऱ्यांनी समजून घेण्यासारखा आहे.

नेब्रास्कातला फोर्ट रॉबिन्सन वाटेत लागतो. १८७७ च्या सप्टेंबरात लाकोटांचा नेता क्रेझी हॉर्स याला कैदेत टाकताना संगीन खुपसून मारलं, ते इथं. आता ते राज्याचं उद्यान आहे, आरव्हीसाठी जागा आहे आणि एक रात्र काढायला झाडीही उत्तम आहे.

तिथून पाइन रिज या लाकोटा रिझर्व्हेशनमध्ये शिरलं की वुंडेड नी. २९ डिसेंबर १८९० ला अमेरिकी लष्कराच्या सेव्हन्थ कॅव्हलरीनं शस्त्रं काढून घ्यायला घेरलेल्या लाकोटांवर गोळ्या आणि तोफा चालवल्या. मेलेल्यांचा आकडा अडीचशे ते तीनशेच्या दरम्यान सांगतात, त्यात बायका-मुलं मोठ्या संख्येनं. काही दिवसांनी गोठलेली प्रेतं गोळा करून टेकडीवर एका चरात पुरली. या कामगिरीबद्दल सैनिकांना वीसेक सर्वोच्च पदकं देण्यात आली आणि ती आजही परत घेतलेली नाहीत. इथं राष्ट्रीय उद्यान नाही, गणवेशातला रेंजर नाही, चकचकीत म्युझियम नाही. एक फलक, टेकडीवर कुंपणातली कबर, आसपास मण्यांच्या वस्तू विकणारी एखाद-दुसरी स्थानिक व्यक्ती. २०२२ मध्ये दोन लाकोटा जमातींनी मिळून इथली ४० एकर जागा पाच लाख डॉलर मोजून विकत घेतली. स्वतःचीच दफनभूमी.

उत्तरेला बॅडलँड्स, आणि त्यांच्या कडेनं जाणाऱ्या हमरस्त्यावर ‘मिनिटमन मिसाइल’ ऐतिहासिक स्थळ. रिकाम्या केलेल्या जमिनीचा शेवटचा उपयोग शीतयुद्धात झाला. एकट्या साउथ डकोटात गुरांच्या कुरणांखाली १५० अण्वस्त्रं पुरलेली होती. भूमिगत नियंत्रण कक्षाच्या पोलादी दारावर तिथल्या जवानांनी पिझ्झाच्या खोक्याचं चित्र काढून ठेवलंय, अर्ध्या तासात जगात कुठंही घरपोच, अशा अर्थाचं. ते पाहायला आधी नोंदणी लागते.

व्यवहाराच्या चार गोष्टी. या मार्गावरच्या बहुतेक राष्ट्रीय स्थळांना प्रवेश फुकट आहे, बॅडलँड्सला शुल्क पडतं. कॅन्सस-नेब्रास्काच्या लहान गावांत नगर उद्यानातच आरव्हीसाठी वीज-पाण्याची जागा मिळते. कुणी विचारायला येत नाही, पैसे पाकिटात घालून डब्यात टाकायचे असतात, आणि ते टाकावेत. उंच गाडीला आडवा वारा ढकलतो, जोर वाढला की वेग कमी करून थांबा शोधावा. एप्रिल ते जून टोर्नेडोंचा हंगाम. इशारे काउंटीच्या नावानं दिले जातात, तेव्हा आपण कुठल्या काउंटीत आहोत हे रोज रात्री विचारून ठेवावं आणि इशारा आला तर आरव्हीत न थांबता पक्क्या निवाऱ्यात जावं. सर्वांत चांगला काळ सप्टेंबरचा. गवत उंच, ऊन सौम्य, शाळा सुरू झाल्यानं गर्दी कमी.

बॅडलँड्सहून दोन तासांच्या आत माउंट रशमोर येतं. न्यायालयानं ज्यांची भरपाई देऊ केली त्याच ब्लॅक हिल्सवर कोरलेले चार अध्यक्ष. घरचे आग्रह करतील. वेळ कमी असेल तर रशमोर गाळा, वुंडेड नी गाळू नका.